ठाणे-नवी मुंबईत चांगले वापरलेले कपडे कुठे मिळतात?

पाचपाखाडी_रिटर्न्स | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, चार वर्षं लेस्टरला काढून मे महिन्यात ठाण्यात परत आले. तिथल्या अंधाऱ्या दुपारींची आठवण काढायला मी काही वेडी नाही, पण एका गोष्टीसाठी जीव तुटतो. चॅरिटी शॉप!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिकडे जरा बऱ्या गावाच्या बाजाररस्त्यावर अशी तीन-चार दुकानं सहज असतात. ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, बर्नार्डोज, कॅन्सर रिसर्च वगैरे. लोक वापरलेले पण धड कपडे आणून देतात, गल्ल्यावर बऱ्याचदा एखादी निवृत्त आजी बिनपगारी बसलेली असते आणि आलेला पैसा संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅमने ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान थाटलं ते १९४७ साली. त्यामुळे तिथे जाताना कुणी मान खाली घालून जात नाही.

मला तिथे दोन युक्त्या सापडल्या होत्या. एक, दुकान श्रीमंत वस्तीतलं गाठायचं, कारण कपडे आसपासच्या कपाटांतूनच येतात. दुसरी, मार्क्स अँड स्पेन्सरच्या कपड्यांवर पूर्वी 'सेंट मायकल' असं लेबल असायचं, ते त्यांनी २००० साली बंद केलं. म्हणजे ते लेबल दिसलं की कपडा बहुतेक पंचवीस वर्षांचा तरी आहे, आणि इतकी वर्षं टिकलाय म्हणजे मुळात चांगलाच असणार. असं एक लोकरी कार्डिगन मी सहा पौंडांना घेतलं. अजून त्यावर एक गोळा आलेला नाही.

आता मुद्दा. डिसेंबरअखेर आम्ही चौघं मनालीला चाललोय. मॉलमधल्या जाकिटांच्या किमती बघून घाम फुटला, म्हणजे जाकिटाची गरजच उरली नाही. ठाणे, नवी मुंबईत वापरलेले चांगले कपडे मिळायची खात्रीची जागा आहे का? एक्स्पोर्ट सरप्लस नको, तो नवाच माल असतो. मला वापरलेलाच हवाय.

टवाळ_बोका | शनिवार, रात्री १०.५२

मी पयला!
आमच्याकडे आहे चॅरिटी शॉप. थोरल्या भावाचं कपाट. माल फुकट, पण दुकानदार फार उद्धट. (दिवे घ्या)

कोपरीकाकू | शनिवार, रात्री ११.१५

मला हे पटतच नाही. कुणाच्या अंगावरचे, कुठल्या घरातले, माणूस आहे की गेला, काही माहीत नसताना ते कपडे पोराबाळांच्या अंगावर चढवायचे? तुम्हा लोकांना परदेशात राहून सवय होते. पैसे वाचवायचे तर एक स्वेटर कमी घ्या, पण नवा घ्या.

सुईदोरा | शनिवार, रात्री ११.३०

कोपरीकाकू, बाळ जन्मलं की त्याच्या अंगाला पहिलं काय लागतं? आजीच्या लुगड्याची दुपटी आणि आजोबांच्या धोतराचे लंगोट. नवं कापड टोचतं म्हणून मुद्दाम जुनं काढतो आपण.

कोपरीकाकू | शनिवार, रात्री ११.३८

ते आपल्या घरातलं असतं. फरक आहे.

सुईदोरा | शनिवार, रात्री ११.४१

हो, तो फरक आहे. मान्य.

पामबीच_पादचारी | रविवार, सकाळी ७.२०

पाचपाखाडी, तुम्ही सांगताय तसं दुकान आपल्याकडे रुजलं नाही, कारण आपल्याकडच्या संस्थांची पद्धतच वेगळी. 'गूंज'चं उदाहरण घ्या. १९९९ साली सुरू झाली, संस्थापक अंशू गुप्तांना २०१५ चा मॅगसेसे मिळाला. तुम्ही दिलेला शर्ट ते दुकानात टांगत नाहीत. गावातले लोक विहीर, बंधारा, रस्ता असं गावाचं काम श्रमदानाने करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे मिळतात. त्यामुळे तिथे देता येतं, विकत घेता येत नाही.

दुसरं म्हणजे महापालिकांची आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रं. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या मोहिमेत देशभर निघाली. कपडे, पुस्तकं, खेळणी ठेवून जा, ज्याला हवं त्याने न्या, अशी कल्पना. इकडे बेलापूरला तर नवी मुंबई पालिकेने जुन्या कापडासाठी वेगळं केंद्रच उभं केलंय. पण मनालीचा कोट तिथे मिळेल या आशेवर जाऊ नका. लोक अशा ठिकाणी काय आणून टाकतात ते मी पाहिलंय. एका पिशवीत इलॅस्टिक गेलेल्या लेगिंग्ज आणि एक पायमोजा होता. एकच.

थ्रिफ्टोबा | रविवार, दुपारी १२.०५

आत्ता उठलो. हा धागा माझ्यासाठीच आहे.

ताई, खारघर-नेरुळच्या कॉलेजातली आमची पिढी इन्स्टावरून घेते. वापरलेले कपडे विकणारी थ्रिफ्ट पेजेस असतात, आठवड्यातून एकदा 'ड्रॉप' म्हणजे नवा माल येतो, पहिला जो मेसेज टाकेल त्याचा कपडा. फक्त साइजवर विश्वास ठेवू नका. अमेरिकन मीडियम म्हणजे आपला लार्ज. कपडा जमिनीवर पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं माप मागा आणि आपल्या अंगाला बसणाऱ्या शर्टाशी ताडून बघा. माप द्यायला जो कुरकुरतो त्याला सोडा.

हा माल येतो कुठून? बराचसा परदेशातून गाठींमधून. गुजरातमधल्या कांडला सेझमध्ये वापरलेले कपडे निवडायचे कारखाने आहेत, पण तिथला माल मुख्यतः पुन्हा बाहेर पाठवायला असतो. घालण्याजोगे जुने कपडे भारतात विकायला आणायचे तर परवाना लागतो. लोकरीचे कापून निकामी केलेले कपडे पानिपतला जातात आणि त्यांचा पुन्हा धागा होऊन ब्लँकेटं बनतात. तरीही अख्खे कपडे बाजारात दिसतात, कसे ते विचारू नका. गाठीतल्या कपड्याला एक औषधी उग्र वास असतो, दोन धुण्यांत जातो.

जीन्सचा शौक असेल तर लिव्हाइजच्या मागच्या खिशावरची लाल पट्टी बघा. नाव सगळं कॅपिटलमध्ये, म्हणजे 'ई' सुद्धा मोठा असेल तर १९७१ च्या आधीची. लॉटरी!

घोडबंदरी | रविवार, दुपारी १२.३०

थ्रिफ्टोबा, लॉटरी नव्हे. कंपनी स्वतःच जुन्या धर्तीच्या नव्या जीन्स काढते आणि त्यांच्यावरही मोठा 'ई' असतो. नुसत्या पट्टीवर पैसे लावू नकोस. (मी लावलेत.)

आणि इन्स्टाबद्दल माझा अनुभव ऐका. मागच्या वर्षी एका पेजवरून 'प्युअर वूल' म्हणून लेडीज कोट घेतला, अठराशे रुपये. फोटोत राणीसारखा. घरी आला तो हलका, चकचकीत, आणि काढताना चटचट आवाज करत केसांना चिकटणारा. आतलं लेबल कापलेलं. विचारलं तर उत्तर आलं, 'मॅम, व्हिंटेज पीस आहे.' परत घेणार का, तर ब्लॉक! तेव्हापासून मी लेबलचा फोटो आधी मागते. लेबल कापलेलं आणि तरी 'प्युअर' काहीतरी म्हणत असतील तर पुढे बोलत नाही.

पाचपाखाडी_रिटर्न्स | रविवार, दुपारी १.१०

अरेरे. हीच भीती आहे. तिकडे दुकानात कपडा हातात घेऊन बघता यायचा. फोनच्या पडद्यावर हात फिरवून काय कळणार?

एमआयडीसी_निवृत्त | रविवार, सायंकाळी ५.४५

पस्तीस वर्षं रबाळ्याला कंपनीत होतो, तेव्हा ट्रान्सहार्बर लोकलही नव्हती, कळव्याहून बसने जायचो. आमच्याकडे मशीन पुसायला चिंध्या किलोवर यायच्या. स्टोअरमध्ये गोणी उघडली की सगळ्या महाराष्ट्राचे कपडे बाहेर पडायचे. सदरे, परकर, शाळेचे युनिफॉर्म. बटणं आणि चेन आधीच कापून घेतलेल्या. सुती असेल तरच कामाचं, कारण टेरिलिन तेल पीत नाही, नुसतं पसरवतं. स्टोअरकीपर डोळे मिटून चिमटीत धरून सांगायचा, हे कॉटन, हे नाही.

तर ताई, आपल्याकडे माल गोळा करणारी साखळी फार जुनी आहे. बोहारीण दारावरून भांड्यांच्या बदल्यात नेते, घरी धुऊन, उसवलेलं शिवून, इस्त्री मारून बाजारात विकते, आणि जे विकण्याजोगं नसतं त्याच्या चिंध्या. आपण फक्त देणाऱ्याच्या बाजूला असायचो, म्हणून ते दुकान आपल्याला कधी दिसलं नाही. मुंबईत चोरबाजारात शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जुना माल मांडतात, तिथे कपडेही असतात. उजाडायच्या आत जावं लागतं. आता माझ्याने होत नाही.

टवाळ_बोका | रविवार, सायंकाळी ६.०२

काका, माझे दहावीचे युनिफॉर्म रबाळ्याला मशीन पुसत होते, हे कळून अभिमान वाटला. शाळेत काहीच पुसलं नव्हतं.

सुईदोरा | रविवार, रात्री ९.३०

निवृत्तकाकांनी बोहारणीचं नाव काढलं, म्हणून जरा लांबण लावते. नौपाड्यात तीस वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवले, पण कपडा तपासायला मी शिकले ती मशीनवर नव्हे, आमच्या चाळीच्या गॅलरीत.

दुपारी दोनच्या सुमाराला 'भांऽऽडी' अशी हाळी यायची. आई बाबांच्या दोन पँटी, एक टेरिकॉटचा शर्ट आणि एक जरीकाठी साडी घेऊन उंबऱ्यावर बसायची. बोहारीण पहिली गोष्ट करायची ती म्हणजे पँट उलटी. सरळ बाजूकडे तिने कधी ढुंकून पाहिलं नाही. बुडाचा भाग उजेडाकडे धरायचा. मग मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून कापड हलकेच ताणायचं. विरलेलं असेल तर शिवणीलगतच्या भोकांतून उजेड फाकतो. मग शर्ट. कॉलर उलटवून घडीची कड बघायची, काखेत नाक घालायचं (आम्ही पोरं हसायचो), बाहीच्या कफची आतली बाजू बोटाने घासायची. साडी मात्र ती पूर्ण उलगडायची, कारण रेशीम आधी घडीवर जातं. वरून कोरी करकरीत दिसते आणि घडी मोडली की रेघेत फाटते. एवढं झालं की म्हणायची, "बाई, ह्याचं पातेलं नाय बसत. डबा घ्या." आई म्हणायची, "झाकणासकट दे."

पाचपाखाडी, तू कोट बघशील तेव्हा असाच बघ. आधी उलटा. अस्तर काखेत आणि खिशाच्या तोंडाशी फाटलं असेल तर घाबरू नकोस, अस्तर बदलता येतं. पण मूळ कापड कोपराला चकाकत असेल तर ते घासून गेलेलं आहे, त्याला इलाज नाही. कॉलरच्या खालची पट्टी चिमटीत धरून दोन थर वेगळे करून बघ. आत तिसरा थर मोकळा सरकताना लागला तर आत कॅनव्हास आहे, जुना चांगला शिवलेला कोट आहे, घे. वर फुगे आल्यासारखे दिसत असतील तर आतलं चिकटवलेलं कापड सुटलंय, ते पुन्हा बसत नाही.

खांदा बसला नाही तर किती का स्वस्त असेना, ठेवून दे. कंबर, बाही, लांबी, सगळं मी कमी करून देईन, आणि आत मार्जिन असेल तर थोडं वाढवूनही. खांदा उतरवायचा म्हणजे कोट नव्याने शिवायचा.

चौकड्याचं कापड असेल तर खिशावरचे चौकडे अंगाच्या चौकड्यांशी जुळतात का बघ. जुळवायला कापड जास्त लागतं, म्हणून स्वस्तात शिवणारा जुळवत नाही.

आणि लोकर असेल तर पुन्हा उजेडाकडे धर. कसर लागलेली असेल तर टाचणीएवढी भोकं दिसतील, बहुतेक कॉलरखाली नाहीतर खिशाच्या झाकणामागे, जिथे उजेड पोचत नाही तिथे.

घोडबंदरी, तुझ्या कोटाच्या आतल्या शिवणीतून दोन सुतं ओढ आणि चिमट्यात धरून पेटव. बेसिनवर हं, पडद्याजवळ नको. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने भुगा होते. सुती कागदासारखं जळतं. पॉलिस्टर, अॅक्रिलिक वितळून काळी टणक गोळी होते.

घोडबंदरी | रविवार, रात्री १०.०५

केलं. काळी गोळी. मिरीएवढी.

थ्रिफ्टोबा | रविवार, रात्री १०.२०

काकू, तुम्ही रील का काढत नाही? चिमटीत तीन थर वाली ट्रिक मी आत्ता कपाटातल्या तिन्ही ब्लेझरवर केली. दोन थर, दोन थर, दोन थर. रडतोय.

पामबीच_पादचारी | सोमवार, सकाळी ७.१५

पाचपाखाडी, तुम्ही स्वतःच पहिल्या पोस्टमध्ये उत्तर दिलंय की कपडे आसपासच्या कपाटांतूनच येतात. मग विचार करा, ठाण्यात थंडीचे कपडे कुणाकडे नाहीत? सगळ्यांकडे आहेत. आयुष्यात एकदा शिमला, एकदा युरोपची टूर, एखाद्याची परदेशातली कंपनीची ट्रेनिंग. सात दिवस घातलेला कोट पुढची वीस वर्षं माळ्यावर. पोरांची जाकिटं तर एका सहलीनंतर तोकडी होतात. इथला लोकरी कपडा जुना असतो, पण वापरलेला नसतो. असा माल लेस्टरलाही मिळाला नसेल. सोसायटीच्या ग्रुपवर विचारा.

कोपरीकाकू | सोमवार, सकाळी ९.००

ग्रुपवर कपडे मागायचे? लोक काय म्हणतील?

पाचपाखाडी_रिटर्न्स | शुक्रवार, रात्री ११.००

अपडेट द्यायला उशीर झाला, माफी.

सोमवारी रात्री धीर करून दोनशे चाळीस फ्लॅटांच्या ग्रुपवर टाकलं: 'मनालीला जात आहोत, मोठ्यांचे व आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांचे वापरलेले थंडीचे कपडे योग्य किमतीत हवे आहेत.' दोन तास सन्नाटा. त्यावर कुणीतरी पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस टाकली. मी फोन उलटा ठेवून झोपले.

सकाळी बघते तर खासगीत नऊ मेसेज. ग्रुपवर एकही नाही! 'कुणाला बोलू नका, माझ्याकडे दोन जाकिटं आहेत.' 'आमच्या ह्यांना न कळता घेऊन जा, ते काही टाकू देत नाहीत.' एकीने तर विचारलं, 'सगळं ठीक आहे ना घरी? काही लागलं तर सांग.' तिला खरं काय ते समजावताना माझी पुरेवाट झाली.

मुलांची दोन्ही जाकिटं मिळाली, पाचशेला दोन. चेन वीस वेळा वर-खाली केली, अडकली नाही. नवऱ्याचं अजून व्हायचंय.

पण खरी गंमत माझ्या कोटाची. बी विंगमधल्या एका काकांनी १९९८ साली जर्मनीहून आणलेला त्यांच्या पत्नीचा गडद निळा लोकरी कोट. काकू आहेत, ठणठणीत आहेत (कोपरीकाकू, मुद्दाम लिहिलं), फक्त आता तो त्यांना बसत नाही. मी त्यांच्या हॉलमध्ये कोट उलटा केला, खिडकीकडे धरला, काखेत नाक घातलं. काका चष्म्यावरून बघत राहिले. चिमटीत तीन थर! लेबलवर शंभर टक्के लोकर. अस्तर एका खिशाशी उसवलेलं. खांदा चपखल. पैसे घ्यायला मात्र दोघंही तयार नाहीत. काकू म्हणाल्या, शेजाऱ्याकडून जुन्या कपड्याचे पैसे घ्यायचे म्हणजे कसंतरीच. मी नको म्हणाले तर त्यांना वाईट वाटणार, फुकट घेतला तर मला. शेवटी दुसऱ्या दिवशी स्टीलचा मोठा डबा घेऊन गेले. झाकणासकट. काकूंना कळलं आणि त्या इतक्या हसल्या, की काका पाणी घेऊन आले.

एकच अडचण आहे. कॉलरच्या मागे चार भोकं आहेत, टाचणीएवढी. म्हणजे कसरच ना? काय करू?

सुईदोरा | शुक्रवार, रात्री ११.२५

कसरच. आधी कोट चांगला झटकून ब्रशने घास, खिशांचे कोपरेही उलटवून, कारण अंडी तिथेच असतात. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांध आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नकोस, पिशवीवरचं पाणी सुकू दे. मुलांची जाकिटं लोकरीची नसतील तर लेबल बघून ६० अंशांवर धुतलीस तरी चालेल, कोटाला मात्र गरम पाणी दाखवू नकोस, आटून मुलीला बसेल.

भोकांसाठी बाहेरचा दोरा घेऊ नकोस. कोटाच्या खालच्या दुमडीत एक-दीड इंच कापड आत असतं, त्यातली सुतं काढून त्यांनीच रफू करायचं, रंग तंतोतंत जुळतो. माझ्याकडे घेऊन ये. अस्तराचंही बघते. नजर आता पूर्वीची नाही, त्यामुळे दिवसाउजेडी ये.

पाचपाखाडी_रिटर्न्स | शुक्रवार, रात्री ११.३२

फ्रीजरमधून मटार आणि सासूबाईंच्या नारळाच्या करंज्या बाहेर काढाव्या लागल्या. करंज्या आत्ता चौघं मिळून संपवतोय. कोट आत गेला.

नवऱ्यासाठी काही आहे का कुणाकडे? खांदा अठरा इंच.

टवाळ_बोका | शुक्रवार, रात्री ११.४०

थोरल्या भावाला विचारतो. तो 'नाही' म्हणेल, पण त्याची साइज तीच आहे आणि तो रविवारी गावाला जातोय.

कोपरीकाकू | शनिवार, सकाळी ६.५०

पाचपाखाडी, व्यनि (खासगी निरोप) केलाय. बघ.